कूलरची पिन

बाबा, आई आज माझ्याच वॉर्डात पडून आहे. काल दुपारी न्हाणीच्या दाराशी कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, मला ओळखेना. मी उष्माघाताच्या वॉर्डात सिस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या आयांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते आणि माझी आई घरात पंख्याच्या गरम वाऱ्यात भाजत होती. तुम्ही गेल्यापासून तिनं घरात कूलर येऊ दिलेला नाही. डॉक्टर म्हणाले, या खेपेला वाचली, पुन्हा अशी तापली तर हाती लागणार नाही. घरी कूलर लावाच.

यंदा उन्हाळ्याला धरबंध राहिलेला नाही. मोबाइल सकाळी उष्णतेची लाट सांगतो, दुपारी विजा, संध्याकाळी म्हणतो नाल्याकाठी थांबू नका. टीव्हीवर बघावं तर देशात कुठे माणसं उन्हानं मरताहेत, कुठे भर मे महिन्यात गाड्या वाहून चालल्यात. तुमच्या वेळी एका दिवशी एकच संकट यायचं, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. तुम्ही गेलात त्या दिवशीही सकाळी उन्हाची आग होती आणि दुपारी वादळ.

तुम्ही कापसाच्या जिनिंगमधले फिटर. पाडवा झाला की कूलर माळ्यावरून उतरवायचा, पत्र्याला रंग मारायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून तो खिडकीबाहेर स्टँडवर चढवायचा, हा तुमचा खरा सण. एकदा मी ओल्या हातानं त्याला शिवले तेव्हा तुम्ही थोबाडीत दिली होती. "आधी पिन काढ, मंग हात लाव. लाईन काही सांगून येत नाई." संध्याकाळी तुम्हीच मला रसवंतीवर नेलंत आणि दोन ग्लास रस पाजलात. माझा राग तेवढ्यात गेला.

त्या दिवशी वादळानं चौकातला कडुनिंब विजेच्या तारांवर पाडला आणि लाईन गेली. पाऊस दहा मिनिटांचा, मग उकाडा दुप्पट. आई म्हणाली, "पोरगी घामानं भिजून राह्यली. लाईन येतपर्यंत कूलरात पानी तरी भरून ठेवा." तुम्ही बादली घेऊन बाहेर गेलात. खिडकीतून विचारलंत, "पिन काढली का वं?" मी नऊ वर्षांची, पलंगावर सागरगोट्यांचा डाव रंगलेला. "हो," म्हणाले. उठले नाही. लाईनच नाही तर पिन कशाला काढायची, एवढीच माझी अक्कल. थोड्या वेळानं पंखा फिरला. मोहल्ल्यातली सगळी पोरं "आली, आली" म्हणून ओरडली, मीही ओरडले. मग बाहेर बादली पडली.

लोक म्हणाले, फिटर माणूस, आणि पिन विसरला. आई म्हणाली, "मीच धाडलं त्याईले." एकतीस वर्षं तेच म्हणते आणि दर उन्हाळ्यात ती शिक्षा भोगते. मी गप्प राहिले. आधी भीतीनं, मग सवयीनं. बाबा, मला माझी किळस येते.

आज दुपारी ती शुद्धीवर आली. वॉर्डातल्या कूलरकडे पाहिलं आणि म्हणाली, "माहा पलंग त्याच्यापासून दूर सरकव." बाहेर धूळ उडायला लागली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, चूक तुझी नव्हती."

"मंग कोनाची होती वं?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. मी म्हणाले, "लाईनवाल्यांची."

"त्याईची कशी? त्याईनं त लाईन आनली," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, कारण तुम्हाला तर त्या क्षणीच कळलं असेल. हा कागद मी कुठेच देणार नाही, तिला वाचून दाखवायचीही हिंमत नाही. तिचा पलंग मी कूलरपासून दूर सरकवला, बाबा.