मुक्या 'ई'ची पाटी

दि. ४

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

आमच्या नव्या मुख्याध्यापिकांचं मत पडलंय, की मी मुलांकडून स्पेलिंगं नुसती घोकून घेते. शुक्रवारी त्या पालकांना घेऊन वर्गात येणार. धडा फसला तर लहान मुलांचा वर्ग जाईल आणि मी भांडारघरात खडू मोजत बसेन.

म्हणून मुलांच्या गळ्यात अक्षरांच्या पाट्या अडकवल्यात. 'केक'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'ई' मुकं; पण त्याने शेजारच्या 'के' अक्षराच्या मागून हात लांबवून पलीकडच्या 'ए'ला ढोसलं, की एरवी 'ॲ ॲ' करणारा तो गडी सरळ आपलं नाव सांगतो, 'ए!' मुकं 'ई' म्हणून वर्गातली सगळ्यात बडबडी पोर निवडलीय, आमचा रेडिओ. तेवढाच कानांना आराम.

लोभ असू दे, चेष्टा आवर.

तुझी ताई

दि. ७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मला स्पेलिंग शिकवताना पाटी गळ्यात नव्हती, पाठीत होती. मुलं सुधारली की तू?

रेडिओला गप्प ठेवायला निघालीस म्हणजे भांडारघराची किल्ली मागूनच घे. ऐन वेळी एखादी लाजाळू मुलगी उभी कर. आमच्या हिचं म्हणणं, ताईंसमोर खडूसुद्धा ताठ उभे राहतील. पण ताई, खरंच जपून. मुलांशिवाय तुला करमणार कसं?

माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ

दि. ११

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

मुलगी बदलली नाही. तुझं ऐकायची सवय मला कधी होती?

शुक्रवारी मुख्याध्यापिका बाईंनी नेमकं रेडिओलाच नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तर तिने 'ए'ला ढोसलं आणि तो किंचाळला. बाई म्हणाल्या, हिला साधं नावही सांगता येत नाही! मग पालकांकडे वळून नव्या शिक्षणपद्धतीवर भाषण सुरू. संपेचना. रेडिओ बाकावर चढली, आपली पाटी काढून बाईंच्या गळ्यात घातली आणि बजावलं, की आता बोलायचं नाही, फक्त ढोसायचं.

माझ्या डोळ्यांपुढे खडूच खडू.

बाईंनी मला पाहिलं, पालकांना पाहिलं. मग तोंड मिटून 'के'मागून हात लांबवला. 'ए' असा गरजला की शेजारच्या वर्गातून शिपाई धावत आला! पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वर्ग माझ्याकडेच राहिला.

बाई पाटी काढायला विसरल्या, आम्हीही आठवण केली नाही. मधल्या सुट्टीपर्यंत शाळा फार सुरळीत चालली.

हिला आशीर्वाद, तुला उरले तर.

तुझी ताई