दाराआडचा क्लॅरिनेट

१२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

वाकून नमस्कार, आईलाही. मी बरी आहे, जेवते वेळेवर. खोलीत आता एकटीच असते. सोबतची मुलगी नोकरी लागली म्हणून गेली. तिच्या रिकाम्या पलंगावर मी स्वरलिपीचे कागद पसरून ठेवते, म्हणजे तो तितका रिकामा दिसत नाही. दिवसभर कुणाशी बोलले नाही की संध्याकाळी स्वतःचाच आवाज परका वाटतो.

बातमी अशी, की माझी रचना बसतेय. रविवारी कार्यक्रम. सगळी फुंकायची वाद्यं, तारेचं एकही नाही. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मी दीपगृहातल्या बाईची कादंबरी वाचून दाखवायचे, आठवते? रोज ती दूरच्या जहाजाला हाक मारते, ती. तिच्यावरच रचलंय. शेवटाआधीच तुम्ही घोरायला लागायचात आणि आई म्हणायची, "नर्सच्या गोळीपेक्षा तूच बरी!" तर शेवट ऐका. जहाज उत्तर देत नाही.

मी मात्र द्यायला लावलंय. हाक सगळा वृंद मारतो. सूर लांबलचक, पण वादक आळीपाळीने गुपचूप श्वास घेतात, म्हणून तुटत नाही. उत्तर देतो एकटा क्लॅरिनेट, रंगमंचामागच्या दाराआडून.

काल तालमीत सरांनी क्लॅरिनेटची ती ओळ पाहिली. "हे काय? दोन सूर वाजव, थांब. तीन वाजव, थांब. वादकाला दम लागलाय का? सलग लिही, नाहीतर काढून टाक." सगळे हसले. शिकाऊ पोरीची चूक वाटली त्यांना. मीही हसले.

बाबा, ती चूक नाही. फोनवर बोलता बोलता तुम्ही थांबता आणि म्हणता, "लाइन खराब आहे." मीही म्हणते, "हो ना, इकडेही." लाइन चांगली असते. तुम्ही थांबता तेवढा वेळ मी नुसती ऐकत असते. कारखान्यातल्या रंगाच्या वाफेने तुमच्या छातीत जेवढा श्वास शिल्लक ठेवलाय, तेवढेच सूर मी एकेका दमात लिहिलेत.

आई सांगत होती, तुमचा क्लॅरिनेट कपाटावर पडलाय. बँडमधले जुने सोबती आले, तर त्यांना म्हणालात, "आता चहा फुंकून प्यायलो तरी पुरे." ते हसले म्हणे. आई हसली नाही.

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात. मला मात्र वाटतं, इतकं सगळं शिकले ते ही एक ओळ नीट लिहिता यावी म्हणूनच.

आज सरांना सांगून आले, ओळ बदलणार नाही, वादक गावाहून येतोय. दाराआड तुम्ही कुणाला दिसणार नाही. खुर्ची ठेवलीय. मध्येच दम लागला तर खुशाल थांबा. तुमचा श्वास परत येईपर्यंत आम्ही हाक धरून ठेवू.

फोन करू नका. फोनवर तुम्ही नाहीच म्हणाल. या.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुमची पोर