सारजाचा तुकडा आणि चंपाचा ताबा

लिहून ठेवणार: सोपान कोंडाजी केदारी, वय त्र्याहत्तर, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातील निवृत्त ड्रेसर, राहणार मौजे औंढे, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी आणि पोटभर नाश्ता करून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून फसवलेले नाही. तेवढ्यासाठी माझ्याकडे फारसे कोणी येतही नाही. गेल्या श्रावणात हृदयाचा झटका येऊन अकरा दिवस तळेगावला इस्पितळात पडून होतो. तेव्हा कळले की लिहून ठेवलेले बरे.

कलम १. गावठाणातील दोन खोल्यांचे घर, पडवी व न्हाणी, तसेच बँकेतील ठेव माझा मुलगा सत्यम याला मिळावी. पडवीचा एक पत्रा पावसात गळतो, खाली पातेले ठेवावे लागते. तेही त्यालाच. माझी दिवंगत पत्नी शकुबाई हिचे दागिने व शिलाई मशीन मुलगी पिंकी हिला मिळावे. तिला उर्शाला दिली आहे. मशीन कुरकुर करते, पण तेल घातले की ऐकते. आईसारखेच आहे.

कलम २. हत्यारे. टिकाव, पहार, दोन फावडी व खडेमिठाचे उरलेले पोते, हे कलम ३ मधील तुकडा ज्याला मिळेल त्याचे. खच्चीकरणाचा लोखंडी चिमटा सरकारी आहे. निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांच्या गडबडीत तो माझ्या पिशवीत आला आणि परत न्यायला तोंड झाले नाही. सत्यमने तो दवाखान्यात नेऊन द्यावा आणि माझ्या वतीने माफी मागावी.

कलम ३. औंढे गावच्या शिवेतील अकरा गुंठ्यांचा तुकडा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस पायवाट, पश्चिमेस एका बंगल्याचे तारेचे कुंपण, उत्तरेस माझा धाकटा भाऊ कैलास याचे भातखाचर. हा वाटणीत आलेला नाही, विकत घेतलेला आहे. का घेतला ते सातबाऱ्यावर येत नाही, म्हणून इथे लिहितो.

२००४ च्या दिवाळीत शकुबाई भाऊबिजेला माहेरी आंबीला गेली होती. तिच्या मागे आमची गाय सारजा पोट फुगून मेली. माझी नोकरी तेव्हा पंचवीस वर्षांची झालेली. जनावर मेले की वहीत ‘मृत’ असा शेरा मारायचा आणि मेलेली जनावरे उचलणाऱ्या टेंपोवाल्याला कळवायचे, एवढेच मला ठाऊक. मी तेच केले. शकुबाई परत आली ती हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता गोठ्यात गेली.

“सारजा कुटंय?”

“गेली. पोट फुगलं.”

“ते दिसतंय मला. न्हेली कुटं?”

“टेंपोनं न्हेली. सगळी न्हेत्यात तशीच.”

“अकरा वरसं माज्या हातानं पिळली तिला. मला यिऊ तरी द्यायचं व्हतं.”

पुढचे आठ दिवस ती रोज संध्याकाळी कोंड्याचे घमेले गोठ्यात नेऊन ठेवी आणि सकाळी तसेच उचलून आणी. नवव्या दिवशी तिने हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, “ह्या मोडा नि जिमीन घ्या. वाईच आसली तरी चालंल. पुना आपल्या घरातलं कुनी टेंपोत जायाचं न्हाई.”

जमीन घेतली. सारजा तर हाती नव्हती. तिचे दावे आणि गळ्यातली घंटी होती. शकुबाईने गुडघाभर खड्डा काढून ती दोन्ही पुरली, वर मीठ टाकले आणि करंजाचे रोप लावले. तो करंज आता घराहून उंच आहे. त्याच्या मुळाशी गाय नाही, फक्त एक दावे आहे, आणि हे मी मान खाली घालून लिहीत आहे. माझ्या हातून झालेल्या चुकांत ही सर्वांत मोठी. शकुबाईने ती मला माफ केली की नाही, हे मी विचारले नाही. धीर झाला नाही.

मग लोकही आपली मेलेली जनावरे तिथे पुरायला आणू लागले. मला दवाखान्याची सवय, म्हणून मी वही घातली. रकाने तेच: अनुक्रमांक, जनावराचे नाव व जात, वय, मालकाचे नाव, शेरा. आज वहीत त्र्याऐंशी नोंदी आहेत. लोणावळ्याचे बंगलेवाले आले, तळेगावचे फ्लॅटवाले आले, ज्यांच्या पायाखाली स्वतःची वीतभर माती नाही असे लोक आले. पैसे मी घेत नाही, येताना खडेमीठ आणा म्हणतो. शेऱ्याच्या रकान्यात मालक सांगेल ते लिहितो. ‘शिळी भाकरी खात नसे.’ ‘फटाक्यांना भिऊन देवघरात बसे.’ ‘धाकट्याला चालायला हिने शिकवले.’ एक पोपटही आहे. त्याबद्दल वनखात्याने विचारू नये. पंचवीस वर्षे मी ‘मृत’ हा एकच शेरा लिहीत होतो. प्रत्येक जनावराला एक वेगळा शेरा असतो, हे मला या तुकड्याने शिकवले आणि अजून त्याचे नवल ओसरलेले नाही.

सत्यम, तू तुकड्याला ‘प्राइम लोकेशन’ म्हणतोस. बरोबर आहे तुझे. म्हणूनच तो तुला देत नाही. राग मानू नकोस. तू वाईट मुलगा नाहीस, फक्त तुला गिऱ्हाइके लवकर भेटतात.

कलम ४. चंपा. रंग तांबूस, उजवा कान दुमडलेला, वय तेरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. लोणावळ्याच्या बाजारात भाजीच्या क्रेटमध्ये सापडलेले पिल्लू शकुबाईने पदराखाली घालून आणले होते. मी ओरडलो होतो. घरात कुत्रे नको म्हणालो होतो. हेही नमूद असावे.

२०१६ च्या जानेवारीत शकुबाई गेली. मी रडलो नाही. दहावे झाले, तेरावे झाले, पाहुणे पांगले, तरी डोळे कोरडे. लोक म्हणाले, सोपानभाऊ खंबीर आहेत. चंपा मात्र रोज संध्याकाळी येऊन माझ्या पावलांवर हनुवटी टेकवी आणि तशीच पडून राही. मी पाय काढून घेई. ती पुन्हा टेकवी. महिनाभर हे चालले. एके दिवशी मी पाय काढून घेतला नाही आणि मग मला जे रडू आले ते शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेले.

तेव्हापासून तुकड्यावर कोणालाही पुरायचे असले की चंपा बरोबर येते. जमलेल्यांत जो रडत नसेल, त्याच्याकडेच जाते. हे मी एकदा नाही, तीस-चाळीस वेळा पाहिले आहे. लोणावळ्याचे नूरमहंमद यांची वरातीची घोडी पुरली, क्रमांक एकोणपन्नास. जेसीबी आणावा लागला होता. नूरमहंमद पूर्ण वेळ चेष्टा करत होते. कोणाच्या लग्नात घोडी अडून बसली, कोणाचा नवरदेव चिखलात पडला. घरातल्या बायका रडत होत्या, त्यांना ओलांडून चंपा यांच्याकडे आली आणि पायांवर हनुवटी ठेवून पडली. ते बोलता बोलता थांबले. मग खालीच बसले. डोळे पुसत मला म्हणाले, “सोपानभाऊ, हिला कुनी सांगितलं?”

दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. मला वाटले, आता संपले. तर नाही. त्याच चालीने जाते, चुकत नाही. न रडणाऱ्या माणसाला काही वास येतो का, मला माहीत नाही. एवढेच सांगतो की असे काही पाहिले की मी नकळत चप्पल काढून उभा राहतो.

माझी आता एकच काळजी आहे. मी आधी गेलो तर हिचे काय? सत्यमच्या सोसायटीत कुत्रे चालत नाही. पिंकीच्या सासूला दमा आहे. आंधळ्या, म्हाताऱ्या कुत्रीला कोणी हौसेने नेत नाही. घराचे आमिष दाखवले असते तर दहा जण आले असते, आणि महिन्यात चंपा एक्स्प्रेसवेच्या कडेला सापडली असती.

कलम ५. म्हणून मी कलम ३ मधील तुकडा व कलम ४ मधील चंपाचा ताबा माझा भाऊ कैलास कोंडाजी केदारी याला देत आहे. वाचणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा वाचावे. होय, त्यालाच.

कैलास आणि मी एकोणीस वर्षे बोलत नाही. मी ड्युटीवर असताना त्याने आमच्यातला बांध दीड हात दक्षिणेला सरकवला. तो नाही म्हणतो. मोजणी आणली, मोजणीवाल्याने आणखी तिसरीच रेघ सांगितली. दीड हात माझाच आहे. हे मी मरतानाही म्हणणार.

पण श्रावणात इस्पितळातून आलो तेव्हा पाहिले, चंपाच्या अंगावर एक गोचीड नव्हती. डोळ्यांत औषध घातलेले, पाण्याचे भांडे घासलेले. आणि ती बसली होती ती एका काळ्या घोंगडीवर. ती घोंगडी मी ओळखतो. आमच्या वडिलांची आहे, वाटणीत कैलासकडे गेली. अकरा दिवस तो बांध विसरून माझ्या पडवीत येत होता, हे मला शेजाऱ्यांनी सांगितले. त्याने अजून सांगितलेले नाही. घोंगडीही मागितलेली नाही.

त्यानंतर आम्ही बोलू लागलो, पण चंपामार्फत. तो बांधावर उभा राहून म्हणतो, “चंपे, तुज्या धन्याला सांग, चढावर पानी वाहू नगं म्हनावं. डागदरनं सांगितलंय.” मी म्हणतो, “चंपे, त्याला सांग, माजी काळजी हाय म्हनून गावभर मिरवू नगं.” ती मधे बसून दोघांकडे कान फिरवते. एखाद्या दिवशी आमचे अर्धा तास चालते.

अट एकच, तुकडा विकायचा नाही. जो कोणी मीठ घेऊन येईल त्याला खड्डा द्यायचा, जात-धर्म विचारायचा नाही, जनावराचा नाही आणि माणसाचाही नाही. दीड हाताचा मुद्दा मी सोडत नाही. तो दीड हात मी चंपाला देतो, तिने तिथे बसावे. आम्हा दोन भावांच्या मधली जागा तिचीच आहे.

चंपा माझ्याआधी गेली, तर आम्ही दोघे कोणामार्फत बोलणार, हे मला ठाऊक नाही. त्याची तरतूद कायद्यात नाही.

कलम ६. माझे दहन रीतीप्रमाणे करावे. त्यातली मूठभर राख करंजाखाली, सारजाच्या दाव्याजवळ पुरावी व वहीत पुढील क्रमांकाने नोंद करावी. नाव सोपान, जात माणूस. मालकाचे नाव: चंपा. शेरा कैलासने सुचेल तो लिहावा, शिवी असली तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो मला पटला, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही केली. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करता येत नाही, म्हणून कैलासला बोलावलेले नाही.

सही: सोपान कोंडाजी केदारी
साक्षीदार: १. नूरमहंमद इस्माईल मुलाणी, लोणावळा (वहीत क्र. ४९)
२. सारिका अमृत शेलार, शिक्षिका, तळेगाव (वहीत क्र. ७१, मांजर)
स्थळ: औंढे. दिनांक १२ ऑक्टोबर २०२५.

पुरवणी

कलम ४ व कलम ५ मधील चंपाच्या ताब्याचा मजकूर रद्द समजावा. शुक्रवारी सकाळी चंपा घोंगडीवर झोपली ती उठली नाही.

मी कोणाला बोलावले नव्हते. टिकाव घेऊन तुकड्यावर गेलो, चार घाव घातले आणि दम लागून बसलो. तेवढ्यात कैलास बांध ओलांडून आला. माझ्या हातातला टिकाव काढून घेतला आणि खणू लागला. मी माती ओढत राहिलो. छातीइतका खड्डा झाला. तिला घोंगडीसकट ठेवले. मीठ टाकले. दोघांपैकी कोणी रडले नाही आणि मी सवयीने पायांकडे पाहिले. पाय मोकळे होते.

मग वही उघडली. क्रमांक चौऱ्याऐंशी. चंपा, कुत्री, तेरा वर्षे. मालकाच्या रकान्यात माझे नाव लिहायला पेन टेकवले तेव्हा कैलास बोलला. मधे कोणी नव्हते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला.

“दादा, दोघांचं लिव्ह.”

मी लिहिले. अक्षर वेडेवाकडे आले आहे, कारण तोवर दोघांनाही समोरचे दिसत नव्हते.

तुकडा कैलासलाच मिळावा, अट तीच. माझ्या नोंदीत मालकाचे नाव चंपा हेच राहील. बांधाच्या त्या दीड हातावर तिचा खड्डा आहे. त्यामुळे तो आता कोणाचाच नाही.

सही: सोपान कोंडाजी केदारी
साक्षीदार: वरीलप्रमाणे तेच दोघे. दोघांनीही मीठ आणले होते.
स्थळ: सारजाचा तुकडा, औंढे. दिनांक ४ जानेवारी २०२६.