डोंगर, गाडी आणि मधलं झाड

३ सप्टेंबर, रविवार. सकाळी साडेआठ.
रिटायर होऊन तीन महिने झाले. ब्रॉन्तेच्या नगरपालिकेत छत्तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. लोक जन्मले, मेले, मधे काही विशेष केलं नाही. मी करणार आहे. नवा कॅमेरा आला, ट्रायपॉडसकट.
गावच्या मंडळाचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर. मुखपृष्ठाचा विषय: डोंगराला वळसा घालणारी आपली छोटी गाडी. शेवटची तारीख २ ऑक्टोबर. गेल्या वर्षी औषधवाल्या कालोजेरोची मांजर छापली होती, चर्चच्या पायरीवर झोपलेली. या गावात यालाच कला म्हणतात.
संकल्प: माझ्या फोटोत गाडी, डोंगर आणि प्रकाश. माणूस एकही नाही. माणसं फोटोची माती करतात.
बायकोला सांगितलं. वेनेरा म्हणाली, कॅलेंडरचं तू बघ, पण तीस तारखेला बियाजोची शेवटची फेरी आहे, त्याचा गाडीच्या खिडकीतला एक चांगला फोटो तेवढा काढ. तिचे वडील चाळीस वर्षं हीच गाडी हाकत होते, पण खिडकीतला फोटो एकही नाही. सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या. मुलाचा तरी हवा म्हणतात, वडिलांच्या तसबिरीत लावायला.
बियाजो म्हणजे माझा मेव्हणा. बत्तीस वर्षं त्याच रुळांवरून पुढे आणि मागे. त्याचा फोटो लग्नातला फोटोग्राफरही काढेल. बघू म्हटलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी सात.
गावाबाहेरच्या वळणावर साडेनऊ ते साडेबारा उभा होतो. तीन तासांत एकही गाडी नाही. जेवताना बियाजोला चांगलंच सुनावलं, तुमच्या रेल्वेचा कारभार म्हणजे नुसता सावळागोंधळ. त्याने मॅकरोनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाला, दाजी, तुम्ही जरा घाई केलीत, आणखी थांबला असतात तर आली असती. किती थांबायचं, विचारलं. उद्या सकाळपर्यंत, म्हणाला.
वर हसतो! दुपारी दोन पानी तक्रार लिहून पेटीत टाकली.
आत्ता वेनेरा म्हणाली, अरे आज रविवार, रविवारी गाडी कधी धावली आहे? गाडीचा ड्रायव्हर तुझ्यासमोर बसून जेवत होता, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.
मी गाडीने फिरत नाही, मोटारीने फिरतो. असल्या फालतू गोष्टी लक्षात ठेवायला मला वेळ नसतो.

६ सप्टेंबर, बुधवार
पुस्तकात लिहिलंय: उत्तम प्रकाश सकाळचा. पहाटे साडेपाचला उठलो. (पहिल्यांदाच. नियम करणार.) वळणावर पोचलो. गाडी वेळेवर आली, म्हणजे तक्रारीचा परिणाम झाला.
एकशे चाळीस फोटो. सगळे काळे. डोंगर काळा, गाडी काळी, मधोमध सूर्याचा गोळा. लेन्समध्ये दोष असणार.
तिथला धनगर गंमत बघत उभा होता. म्हणाला, साहेब, डोंगर आपल्या पूर्वेला, सूर्य त्याच्या मागून निघतो, संध्याकाळी या, तेव्हा डोंगर गुलाबी होतो, एवढं तर माझ्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.
शेळ्या पाळणाऱ्याने मला प्रकाश शिकवायचा! 
नवा संकल्प: संध्याकाळचा प्रकाश. हे मला आधीपासून वाटतच होतं.

९ सप्टेंबर, शनिवार
विषयात शिरायचं तर गाडीत बसलं पाहिजे. ब्रॉन्ते ते रान्दात्सो, जाऊन येऊन. आयुष्यात दुसऱ्यांदा बसलो. पहिल्यांदा आईच्या कडेवर होतो.
डबा एकच. खिडकीच्या काचेवर कुणीतरी आपल्या प्रेयसीचं, कुणा रोझाल्बाचं, नाव कोरून ठेवलंय. समोर दोन जर्मन, डोंगर दिसला की ‘एटना, एटना’ करत उठायचे. आम्ही त्या ज्वालामुखीला नुसता डोंगर म्हणतो आणि त्याची राख गच्चीवरून झाडतो. असल्या लोकांना काय सांगणार?
जाताना डोंगर उजवीकडे होता, मी डावीकडे. येताना जागा बदलून उजवीकडे बसलो, तर डोंगर डावीकडे. एकूण दोनशे फोटो: भिंती, वाळत घातलेले कपडे, निवडुंग, एका जर्मनाचा कान. मालेत्तो स्टेशनच्या पुढे एक मूलभूत अडचण ध्यानात आली. गाडीत बसलं की गाडी दिसत नाही.
बियाजोला हे सांगायला नको होतं. त्याने सबंध प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं सांगितलं, मंडळी, आमच्या दाजींनी शोध लावलाय! मग मला ग्रानिता पाजली, बर्फाच्या चुऱ्याची. बदामाची. पिस्त्याची हवी होती.

१९ सप्टेंबर, मंगळवार
गावात पिस्त्याची तोडणी. दोन वर्षांतून एकदा पीक येतं, म्हणून माणसं वेडी होतात. शिक्षक, पोलीस, धर्मगुरूचा स्वयंपाकी, सगळे गळ्यात झोळी अडकवून लाव्हाच्या काळ्या दगडांवर चढलेले. हाताला चीक, कपड्यांना चीक. मी नोंदी करणाऱ्या घराण्यातला, असल्या उचापती आमच्याकडे नव्हत्या. चाळीस वर्षं सासूबाईंच्या मळ्यात पाऊल टाकलं नाही.
यंदाही कंबर दुखते म्हणून सांगितलं. वेनेरा म्हणाली, ट्रायपॉड उचलताना कुठे जाते रे ती कंबर?
गेलो एकदाचा. आणि जागा सापडली! मळ्याच्या वरच्या टोकावरून खाली रूळ, रुळांमागे सबंध डोंगर, तोंडावर संध्याकाळचं ऊन. अशी जागा कालोजेरोच्या सात पिढ्यांना सापडायची नाही.
पावणेपाचला गाडी आली. बियाजोने अर्धं अंग खिडकीबाहेर काढून सासूबाईंना हात केला. त्याही झोळी सांभाळत हात हलवत होत्या. सासरेही इथून जाताना असाच हात करायचे म्हणे. बत्तीस वर्षं तेच. कंटाळा कसा येत नाही?
एकच खोट. फ्रेमच्या अगदी मधोमध एक झाड. बाकीची झाडं पिस्त्यांनी वाकलेली, याच्यावर औषधाला एक दाणा नाही. तोडणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. फुकटखाऊ झाड वर्षानुवर्षं पोसायचं, हा सासूबाईंचा कारभार.

२३ सप्टेंबर, शनिवार
झाड टाळून फोटो घेतला. गाडीचा मागचा अर्धा भाग आणि डोंगराचा एक खांदा आला. खडकावर चढून घेतला. घसरलो. आता कंबर खरंच दुखते आहे, आणि घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार
तोडणी संपली. मळ्यात चिटपाखरू नाही.
नीट विचार केला. दाण्यांनी लगडलेलं झाड तोडणारा माणूस नालायक, मी तसा नाही. त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून एकही पिस्ता न देणारं झाडच निवडलं. शेजारच्याकडून करवत आणली. वीस मिनिटं लागली. हाताला चीक लागला तो रॉकेलनेही जात नाही.
बुंधा गुडघाभर उरला. फोटोत खाली कोपऱ्यात येईल. फोरग्राउंडकडे कोणी पाहत नसतं.
घरी सांगितलं नाही. फोटो पाहिल्यावर आपोआप कळेल, किती मोकळं वाटतं ते.

३० सप्टेंबर, शनिवार. दुपारी तीन.
हवा स्वच्छ. डोंगराच्या डोक्यावर धुराची बारीक शेंडी, जणू मीच ऑर्डर दिली होती. वेनेरा आणि सासूबाई केकचं ताट घेऊन ब्रॉन्ते स्टेशनवर गेल्यात. निघताना वेनेराने पुन्हा बजावलं, खिडकीतला बियाजो विसरू नकोस, परत संधी नाही. तिला म्हटलं, स्टेशनवर गाडी थांबेल तेव्हा काढीन. आधी कला.

त्याच दिवशी. संध्याकाळी साडेसहा.
तंत्राच्या दृष्टीने निर्दोष फोटो.
गाडी बरोबर वेळेवर वळणावर आली. डोंगर गुलाबी. बियाजो हात करायला खिडकीबाहेर आला. आई स्टेशनवर आहे हे त्याला माहीत होतं, तरी सवयीने आलाच. हात वर गेला आणि तिथेच थांबला. ब्रेक करकरले. गाडी माझ्या फ्रेमच्या मधोमध उभी राहिली. असं भाग्य कुणाला मिळतं? मी बटण दाबलं.
तो ओरडत होता. आधी वाटलं, मला पोज देतोय. मग ऐकू आलं. झाड कुठंय? दाजी, बाबांचं झाड कुठंय?
म्हटलं, अरे, त्याला काही येत नव्हतं.
म्हणाला, नर होता तो! नराला पिस्ते कुठून येणार? मळ्यातल्या सगळ्या झाडांना तो एकच होता!
डब्यातल्या बायकांनी डोक्याला हात लावले. एक म्हातारा मला उद्देशून जे बोलला ते नोंद करण्यासारखं नाही. बियाजोने गाडी सोडली ती सात मिनिटं उशिरा. बत्तीस वर्षांत त्याची गाडी त्याच्या चुकीने कधी लेट झाली नव्हती. शेवटची झाली.
मी स्टेशनवर गेलो नाही. केक घरी परत आला. न कापलेला.

१ ऑक्टोबर, रविवार
गाड्या बंद. बियाजो जेवायला आला नाही. वेनेराने त्याची खुर्ची भिंतीला लावून ठेवली.
तिने एकदाच तोंड उघडलं. सासऱ्यांनी ते रोप अद्रानोहून आणलं होतं, गाडी हाकताना पायांच्या मधे धरून. त्या वर्षी तिचा जन्म झाला. नवा नर लावला तर फुलायला दहा-बारा वर्षं. आई अठ्ठ्याऐंशीची आहे, एवढं सांगून ती ताटं उचलायला गेली.
मी म्हटलं, शेजाऱ्याच्या नराकडून वाऱ्याने पराग येतील थोडेफार. ती म्हणाली, पासष्ट वर्षं या गावात काढलीस तू.
छत्तीस वर्षं मी या गावात कोण कुणाचा मुलगा हे लिहीत होतो. झाडांचं मला कोणी सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी बारा.
फोटो मोठा करून आणला. दुकानदार म्हणाला, फर्स्ट क्लास, मुखपृष्ठ तुमचंच. मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, हे काय, कुणी नर तोडला की काय? कोण गाढव?
तोडलं म्हणे कुणीतरी, असं सांगितलं. त्याने बाकीचे पैसे देताना माझ्या हातावरचा चीक बघितला.
वेनेरा म्हणते, दे की मंडळाला, ब्रॉन्तेच्या घराघरात वर्षभर बुंधा लटकेल, येणारेजाणारे विचारतील.
वेळ दुपारी चारपर्यंत आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी पाच.
दिला नाही. ऐकलंय की पुन्हा कालोजेरोची मांजर, या वेळी रुळावर झोपलेली.
तीन वाजता फोटो घेऊन सासूबाईंकडे गेलो. बियाजो तिथेच होता, खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, आई, तुम्हाला हवा होता तो, खिडकीतला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत होत्या. बियाजोचं तोंड उघडं, हात अर्धवट वर, डोळे भरलेले. मला वाटलं, फाडतील.
म्हणाल्या, माझं पोरगं आलंय हो छान.
मग स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि तेवढीच खिडकी कापून काढली. अगदी जपून. ती सासऱ्यांच्या तसबिरीच्या कोपऱ्यात खोचली. उरलेला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हे बाकीचं तुझं.
जिन्यापर्यंत बियाजो आला. म्हणाला, दाजी, उद्या सहाला तयार राहा, खड्डा खणायचाय. कंबर दुखते म्हणालो नाही.
आत्ता तो कागद समोर आहे. डोंगर सुरेख आलाय. प्रकाश तर अप्रतिम. गाडीला खिडकीच्या जागी चौकोनी भोक.
आणि माणूस एकही नाही.