अक्कासाठी चार बोटं जागा

गिरणाकाठचं आपलं गाव,
तालुका भडगाव
(तारीख फळ्यावर लिहिली आणि इथे लिहायची राहिली.)

थोरल्या अक्काच्या पायांवर धाकट्या मगनचं डोकं (आता केस टोचायची भीती नाही). तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि मेहरूणच्या तलावावरचे डास, तिघांचीही खुशाली कळव. इकडे मी बरा आहे. तुझी भावजय ताईबाईही बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तुझं कार्ड पोचलं. मेहरूणला ज्ञानेश्वरचं घर उभं राहिलं, वास्तुशांत जवळ आली आणि पुढच्या महिन्यात तो टेम्पो घेऊन आपलं जुनं सागवानी दार न्यायला येतोय, हे वाचून इतका आनंद झाला की दोन दिवस जेवण गेलं नाही. वाटणीच्या वेळी तू हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केलीस आणि फक्त ते दार मागितलंस, 'मगन, पोरगा घर बांधेल तेव्हा नेईन' म्हणालीस, हे मी विसरलेलो नाही. दार सुखरूप आहे. रोज पुसलं जातं. पण दाराकडे यायच्या आधी इकडची हकिकत ऐकून घे, नाहीतर दाराची हकिकत कळायची नाही.

एसटीतून निवृत्त झाल्यापासून मी गावात वर्तमानपत्र चालवतो. वर्तमानपत्र म्हणजे थांब्याच्या शेडमध्ये टांगलेला काळा फळा. हे खूळ कुठून आलं म्हणशील, तर पाण्यातून. आपल्याकडे नळ आठव्या दिवशी येतो (कधी दहाव्या), आणि तो वरच्या गल्लीला येणार की खालच्या, हे फक्त व्हॉल्व सोडणाऱ्या नथ्थूला ठाऊक. लोक त्याला चहा पाजून विचारायचे, आणि तो चहा संपेपर्यंत काही सांगायचा नाही. मी म्हटलं, हे पेपरात छापून आणू. आपला जिल्ह्याचा पेपर उघडला तर पहिल्या पानावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात, दुसऱ्या पानावर तीच, तिसऱ्यावर एका साहेबांचा वाढदिवस आणि त्यांच्या भोवती शुभेच्छुकांची अठरा तोंडं. तरी हिय्या करून भडगावला त्यांच्या वार्ताहराकडे गेलो. माणूस गरीब, वरून त्यालाच जाहिरातींचं टार्गेट. तो म्हणाला, भाऊ, तुमच्या सरपंचाचा वाढदिवस कधी आहे? पाव पान जाहिरात द्या, त्यात पाण्याचंही घालतो. सरपंचाने दिली. पाण्याचंही आलं. सरपंचाच्या हसऱ्या फोटोखाली छापून आलं, 'गावात मुबलक पाणी'. त्या दिवशी नळाला दहावा दिवस होता, अक्का.

म्हणून फळा. (मोबाईलवर गावाचा ग्रुप आहे, पण त्यात फुलं आणि शुभ सकाळ यांतून पाणी शोधावं लागतं, आणि खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे तो नाहीच.) नियम तीन केले. जाहिरात नाही, वाढदिवस नाही, आणि खडू दोरीला बांधून ठेवायचा, म्हणजे चुकलं तर कुणीही दुरुस्त करावं. पहिल्याच दिवशी सहा दुरुस्त्या आल्या, त्यातली एक माझ्या नावात. नथ्थू आधी फुगून बसला, त्याचा चहा बंद झाला ना! मग मी त्याला 'आमचे पाणी प्रतिनिधी' असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा विरघळला. आता रोज सकाळी तोच सायकल लावून बायामंडळींना फळा मोठ्याने वाचून दाखवतो आणि जिथे माझं पटत नाही तिथे वाचता वाचताच बदलतो.

आता माझी फजिती ऐक. दोन महिन्यांपूर्वी मी ठळक अक्षरात लिहिलं, 'उद्या सकाळी पाणी खालच्या गल्लीला'. तुला माहीतच आहे, नळ येणार म्हटलं की आपल्या बाया आदल्या संध्याकाळी सगळं शिळं पाणी ओतून देतात आणि हंडे, टाक्या घासून पालथ्या घालतात. पण इतकी वर्षं कुणी बातमीवर असं केलं नव्हतं, नळाने स्वतः फुसफुस केल्याशिवाय थेंब सांडत नसत. या वेळी फळ्यावर लिहिलंय म्हणून चाळीस घरांनी पाणी ओतलं. आणि पहाटे पंप जळाला. खालच्या गल्लीत प्यायला घोटभर पाणी नाही, आणि हंडे मात्र आरशासारखे लख्ख! लोकांनी पहिल्यांदा एका बातमीवर विश्वास ठेवला, आणि नेमकी तीच, माझी, खोटी निघाली.

काय करणार? वरच्या गल्लीत दारोदार फिरलो. लोकांनी बिनबोभाट पाणी दिलं, ते मी आणि नथ्थूने हातगाडीवरून खाली पोचवलं. माझ्या कमरेचं काय झालं ते विचारू नकोस. शेवटचा हंडा खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बेबाबाईच्या दारात ठेवला आणि शिव्या खायला मान खाली घालून उभा राहिलो. तर ती म्हणाली, "चाळीस वरीस व्हई ग्यात, पेपर दखस मी. पन एक बी पेपरवाला मन्हा दारमा हंडा लई उना नही!" अक्का, तिच्या दारात हंडा घेऊन आलेला पहिला पेपरवाला मी! तिथेच रडलो. मग फळ्यावर लिहिलं, 'कालची बातमी चुकली. चूक मगनची.' खाली कुणीतरी दोरीच्या खडूने लिहून गेलं, 'चालेल.'

हे सगळं तुझं देणं आहे. तुला चौथीतून काढलं, तेव्हा तू दाराच्या आतल्या अंगावर चुनखडीने मला अक्षरं गिरवायला लावायचीस. आई पुसायची, तू पुन्हा लिहायचीस. मला जे येतं ते त्या दारावर आलं. हे साठ वर्षांत मी कधी बोललो नाही, आज लिहून टाकतो.

भाऊजींना नमस्कार, ज्ञानेश्वरला आशीर्वाद. टेम्पो घाईने ठरवू नको म्हणावं.

तुझाच धाकटा,
मगन

ता. क. : दार सुखरूप आहे, असं वर लिहिलंय ते खरं आहे. ते थांब्याच्या शेडमध्ये आहे. आतल्या अंगाला काळा रंग दिलाय. रोज पुसलं जातं, हेही खरंच. प्लायवूडचा फळा पहिल्याच पावसात फुगला, आणि माझा हात तुझ्या दाराकडे गेला. तुला विचारलं नाही. ताईबाईचा अबोला तेव्हापासूनचा.

ता. क. २ : गेल्या सोमवारी बेबाबाईने कडी ओळखली. "हाई ते अक्कानं दार शे!" म्हणाली. "दुसरासन्या चुका लिखस ना, मंग तुन्ही बी लिख." लिहिलं. 'मगनने बहिणीचं दार न विचारता घेतलं.' नथ्थूने ते तीनदा वाचलं, एक अक्षरही न बदलता.

ता. क. ३ : तू 'पाठव' म्हणालीस तर रंग खरवडून, तेलपाणी करून मी स्वतः टेम्पोत बसून येईन. 'राहू दे' म्हणालीस तर काय म्हणू मला सुचत नाही. पण फोन करू नकोस, कार्डावर लिही आणि खाली सही कर, कारण फळ्यावर तुझंच अक्षर बघून उतरवायचं आहे. त्या बातमीखाली चार बोटं जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. काल पाण्याची बातमी लांबली, जागा पुरेना, तरी नथ्थूने तिथे खडू टेकवला नाही. आणि बेबाबाई रोज सकाळी रिकामा हंडा कडेवर घेऊन येते आणि पाण्याचं विचारायच्या आधी विचारते, "अक्कानी बातमी उनी का?"