गोजरबाईची मोसंबी

मळ्यातून, वारंगा फाट्याजवळ
सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४

चि. पुनम हिला,

अण्णांचा आशीर्वाद पोचो. इकडे बरं आहे. हळदीची काढणी चालू आहे, दोन दिवसांत शिजवायला घेऊ. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. तुझा चुलतभाऊ वैजनाथ उद्या परभणीला निघालाय, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतो. फोन असताना पत्र काहून, म्हणशील. शाळेत गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे, तेव्हा पहिली ओळ निघायची आणि दुसरी घशात अडकायची. या महिन्यात फोनवर तीनदा माझं तसंच झालं.

काल तू म्हणालीस, "अण्णा, पंचवीस तारखेला मोजमाप झालं की प्रयोग संपला. बाटल्या रिकाम्या करून धुवायच्या, मॅडमना जागा पाहिजे. आईचं झाड घरी आहेच, कोंब ठेवून काय करू?" मी "बराबर आहे" म्हणालो आणि हळदीचं बोलत बसलो.

कृषी विद्यापीठातली तुझी ती प्रयोगाची खोली फार आठवते. मागच्या जूनमध्ये काचेतून दाखवलीस. पांढऱ्या दिव्याखाली ओळीनं बाटल्या, प्रत्येकीत आईच्या मोसंबीचा पेरभर कोंब, शाळेच्या पहिल्या दिवशी बसलेल्या लेकरासारखा गप्प. तू सांगत होतीस, यांना माती नाही, जे मिळायचं ते या जेलीतूनच. एका ओळीला सगळे क्षार पुरे, दुसरीला निम्मे, तिसरीला लोहच नाही. त्या तिसरीची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी म्हणालो, या उपाशी ओळीचं वाईट वाटतं. तू हसलीस. "अण्णा, त्यांना कविता ऐकवू नका."

अगदी आईसारखं बोललीस. ते झाड तिनं तुझ्या जन्माच्या वर्षी लावलं; गाव त्याला तिच्याच नावानं ओळखायचं, गोजरबाईची मोसंबी. मी आळ्यापाशी उभा राहून सातवीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो, आणि ती भांडी घासता घासता म्हणायची, "झाडाला कविता न्हाई लागत, पाणी लागतं. सरका, तुमची सावली पडून राहिली." स्वतः राख घालायची तीसुद्धा चिमटीनं, आणि मग चार दिवस पानांकडे बघत राहायची.

ती गेल्यावर झाडानं दोन वर्षं फळ धरलं नाही. शेंडे वाळू लागले. नेमकं तेव्हाच तू फोनवर सांगितलंस, की बाटलीतल्या कोंबांचेही शेंडे वाळत होते, बोरॉन दुप्पट केलं आणि शेंड्यांनी जीव धरला. लिटरमागे सहाचे बारा मिलिग्रॅम, असंही तू म्हणाली होतीस. मिलिग्रॅम माझ्या कानावरून गेलं. दुप्पट तेवढं राहिलं.

फाट्यावरच्या दुकानातून बोरॉनची अर्ध्या किलोची पुडी आणली. दुकानातला रणजीत म्हणाला, "काका, हे शेणखत न्हाई, मिठावानी असतंय. जास्त पडलं की भाजी गेली."

"माझी पोरगी यातच शिकून राहिली," मी त्याला ऐकवलं. घरी येऊन अख्खी पुडी आळ्यात रिकामी केली.

महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, झाड अजून उपाशी आहे. मी दुसरी पुडी आणली.

पुनम, झाड नाही आता. दसऱ्याच्या आत सगळी पानं गळाली. दिवाळीला तुला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा मला बरं वाटलं; बापाला असं वाटावं याची लाज अजून जात नाही. संक्रांतीनंतर वैजनाथनं खोड कापलं. तुला काही बोलू नको म्हणून मीच त्याला बजावलं होतं. परवा तू विचारलंस, बहार आला का. मी म्हणालो, झाड पांढरंशुभ्र झालंय. बोलताना मी त्याच खुंटावर बसलो होतो.

तू सांगितलेलं चुकीचं नव्हतं. मीच ऐकलं नाही. बाटलीतली तुझी मोसंबी हिरवी आणि माझ्या दारातली वाळकी, हे मला सोसवत नव्हतं. आईनं झाड माझ्या हवाली केलं होतं. तू येशील तेव्हा ते फळांनी वाकलेलं दाखवायचं होतं.

एवढं कर. बाटल्या धुवू नको. तुझ्या आईची मोसंबी आता त्या खोलीत आहे तेवढीच आहे. मॅडमना जागा हवी असेल तर पुऱ्या क्षारांची एक ओळ तरी मागून घे. जमलं तर उपाशी ओळीतली एक बाटली. लोह मिळालं की ती हिरवी होते, असं तूच म्हणाली होतीस. रोप व्हायला दोन वर्षं लागली तरी लागू दे. खड्डा मी विहिरीच्या पलीकडे घेईन, जुन्या जागेची माती मी बिघडवली आहे. काय घालायचं, किती घालायचं, ते लिहून दे. तुझ्या कागदाबाहेर मी पाण्याचा तांब्यासुद्धा ओतणार नाही.

रागावशील, ते बराबरच आहे. वैजनाथ संध्याकाळच्या एसटीनं परत फिरेल. त्याच्यापाशी चिठ्ठी दे. त्यात 'ठेवल्या' एवढा एकच शब्द असला, तरी तो मी पाठ करीन.

तुझ्या आईचं झाड घालवलेला,
अण्णा