२७०० मीटरवरचं शून्य

३ सप्टेंबर
बाराशे मीटर. सव्वीस जाती! जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या कपांत मुंग्यांचा नुसता खच. अल्कोहोलच्या नळ्यांत भरल्या, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत सोडली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दादाने शिकवलं – बहिणीचं सामान उचलायला आला आणि माझाच मास्तर झाला.
दादाला जाऊन आज वर्ष झालं. 'जाऊन' लिहिलं खरं. सापडलाय कुठे?

४ सप्टेंबर
सतराशे. चौदा जाती. वर जावं तशा कमी होतात, गेल्या वर्षीसारख्याच. तेव्हा पाय दुखतात म्हणून मी २७०० ला गेलेच नाही. तंबूत बसून वहीत शून्य लिहिलं. "वर असणार काय, थंडी!" दादा हसला नाही. "मोजल्याशिवाय शून्यसुद्धा लिहायचं नसतं गं."
सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं.

५ सप्टेंबर
बावीसशे. पाच. मेंढपाळबाबा भेटले. "मागच्या वर्षी वरून शिट्टी यायची, पोरी. एक लांब, दोन आखूड. शोधणाऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, वर कोणी गेलेलंच नाही. मग वारा असेल म्हटलं. तेव्हापासून मेंढ्यासुद्धा तिकडे वळत नाहीत."
मला बोलवायला दादा तशीच शिट्टी घालायचा. मेंढपाळबाबांना हे सांगितलं नाही.

६ सप्टेंबर
एकदा लिहूनच टाकते. शोधणाऱ्यांनी मला विचारलं होतं, "वरच्या टप्प्यावर गेला असेल का?" शेजारी माझ्या संशोधनाच्या गाईड बाई उभ्या, हातात माझी वही, वहीत ते शून्य. मी म्हणाले, "नाही. तिथलं काम झालंय." त्यांनी खालचं जंगल पालथं घातलं. आठ तारखेला दोर गुंडाळून निघून गेले.
बाईंपुढे खोटी पडेन म्हणून! एवढ्याशा भीतीपायी!

७ सप्टेंबर
२७००. पानसुद्धा हलत नाही. पक्षी नाही. दगडांत एक कप पुरलेला – आमचाच, पण मी पुरलेला नाही. मी इथे आलेच कधी होते? कप कोरडा. शेजारून मुंग्यांची रांग. एकच जात, बारीक, लालसर. रांग एका मोडक्या दगडी खोपटात जाते. दार ढासळलंय.
हाक मारली. मग त्याचीच शिट्टी घातली. उत्तर आलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आलं असं वाटलं.
आत जायचा धीर झाला नाही. उद्या मेंढपाळबाबांना घेऊन येते.

८ सप्टेंबर
बाबांनी दगड उपसले. दादा आत होता. पायाचं हाड मोडलेलं, वर काठ्या बांधलेल्या. उशाशी नऊ नळ्या, ओळीने. प्रत्येकीत मुंग्या, प्रत्येकीत पेन्सिलीची चिठ्ठी.
पहिली – "३ सप्टेंबर. एक जात. शून्य खोड."
शेवटची – "११ सप्टेंबर. एक जात. तीन दिवस झाले, खालून कोणाचाच आवाज नाही."